पत्रादेवीच्या अलीकडे, पत्रादेवीच्या पलीकडे

माझं लग्न कधी झालं असं विचारलं, तर आमच्याकडे दोन तारखा सांगितल्या जातात. आई सांगते ती फेब्रुवारीतली, मंडपात अक्षता पडल्या ती. सासूबाई सांगतात ती जानेवारीतली, पेडण्याच्या नोंदणी कार्यालयात मी दुसरी सही केली ती. दोन्ही २००९ मधल्या आणि दोन्ही खऱ्या. मधले चोवीस दिवस मी कायद्याने एका घरची सून होते आणि दुसऱ्या घरच्या पडवीत बसून रुखवताच्या याद्या करत होते.

माहेर सावंतवाडी तालुक्यातलं, सासर गोव्यातल्या पेडण्याचं. मध्ये बांदा, तेरेखोल नदी आणि हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका. पेडणं १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडेच होतं, नंतर पोर्तुगीजांकडे गेलं. त्यामुळे सातेरी, रवळनाथ, माउली या देवता दोन्हीकडे त्याच. आम्ही 'खय' म्हणतो, ते 'खंय' म्हणतात, एवढाच काय तो फरक, अशा समजुतीत आम्ही सोयरीक जुळवली. खरा फरक कागदावर होता आणि तो कळायला मला दहा वर्षं लागली.

पहिली सही डिसेंबरात झाली. आमचे दोघांचे जन्मदाखले, रहिवासी दाखले, मी महाराष्ट्रातली म्हणून अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि दोन साक्षीदार. ही सही म्हणजे लग्न नव्हे, लग्न करण्याचा इरादा जाहीर करणं. मग आमच्या नावांचा कागद नोटीस बोर्डावर लागला. कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत घ्यावी. नंतर पुन्हा जाऊन, पुन्हा साक्षीदारांसमोर दुसरी सही, आणि कायद्याने लग्न पूर्ण. भटजी, होम, सप्तपदी ही सगळी नंतरची हौस.

दुसऱ्या सहीनंतर बाबा कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना सासऱ्यांना म्हणाले, "मगे आता ह्या चेडू आमचा की तुमचा?" सगळे हसले. बाबा मात्र गंभीरपणे विचारत होते. त्यांच्या हिशेबात कन्यादान व्हायच्या आधी मुलगी दुसऱ्याची होतेच कशी? आणि समजा या चोवीस दिवसांत मोडलं तर? सासऱ्यांनी सांगितलं, मोडलं तर कोर्टात जावं लागेल. बाबा घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाहीत.

नंतर पेडण्यात राहून याची दुसरी बाजू कळली. पहिली सही करून घेतलेल्या, पण दुसरी सही राहूनच गेलेल्या बायका तिथे भेटतात. कोणी बोटीवर गेला, कोणी 'बघूया' म्हणत राहिला. देवळात लग्न झालं, पोरं झाली, आणि पंधरा-वीस वर्षांनी रेशनकार्डावरून किंवा नवऱ्याच्या मरणावरून उघड झालं की कायद्याच्या दृष्टीने ही बाई त्याची कोणीच नव्हे. आमच्याकडे वरातीत वाजंत्री वाजली की गाव साक्षीदार. तिकडे गाव साक्षीदार असून भागत नाही, दोन सह्या लागतात.

पहिल्या सहीच्या वेळी खिडकीतल्या बाईंनी सहज विचारलं होतं, "करार करपाचो आसा?" मला वाटलं हुंड्याबिंड्याचं काहीतरी असेल. नवरा म्हणाला, "ना." मी मान हलवली. त्या एका 'ना'ने काय ठरलं, ते मला २०१३ मध्ये समजलं.

त्या वर्षी नवऱ्याने म्हापशाजवळची एक छोटी जागा विकायला काढली. ती त्याने लग्नाच्या चार वर्षं आधी स्वतःच्या पगारातून घेतली होती. मी तिकडे एकदाही गेले नव्हते. विक्रीच्या आदल्या रात्री तो म्हणाला, "फाल्यां तुजी सय लागतली." मला वाटलं साक्षीदार म्हणून. दुसऱ्या दिवशी कळलं की विकणाऱ्यांत माझं नाव होतं. फोटो, अंगठा, सही. मी नाही म्हटलं असतं तर जागा विकली गेली नसती.

तिथल्या वकीलबाईंनी मला बाकावर बसवून समजावलं. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण ती राहिली. हिंदू विवाह कायदा, हिंदू वारसा कायदा इथे लागूच नाहीत. लग्नाआधी नोटरीसमोर वेगळा करार केला नाही तर नवरा-बायकोची मालमत्ता एक होते. लग्नाआधीची, नंतरची, कमावलेली, वारशाने आलेली, सगळी. त्यात अर्धं त्याचं, अर्धं तिचं. आणि लग्नानंतर ही व्यवस्था बदलता येत नाही. "तू अर्धी मालकीण. वारस न्हय, मालकीण," त्या म्हणाल्या.

हे ऐकून मला पहिल्यांदा आनंद झाला नाही, भीती वाटली. अर्धी मालकीण म्हणजे अर्ध्या कर्जाचीही का? (काही कर्जांच्या बाबतीत हो.) मग घरी येताना हळूहळू ते अंगात उतरलं. त्याच वर्षी माहेरी दादाने रस्त्याकडेचा एक तुकडा विकला होता. वहिनीला ते दारात नवीन गाडी उभी राहिल्यावर समजलं. तिला वाईट वाटलं नव्हतं, मलाही नाही. नवऱ्याची जमीन, नवऱ्याने विकली. यात विचारायचं काय?

गोव्याचा कायदा म्हणजे बायकांचा स्वर्ग, असं मी त्यानंतर बरीच वर्षं माहेरी सांगत फिरले. हल्ली समान नागरी कायद्याच्या चर्चेत टीव्हीवरही लोक तसंच सांगतात. मग मी थोडं वाचलं, थोडं ऐकलं, आणि माझा उत्साह बेताचा झाला. त्याच जुन्या संहितेत सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे दिलेला होता. मालकी अर्धी, पण चाव्या त्याच्या कनवटीला. गोव्यातल्या हिंदूंच्या रूढींचा १८८० चा जो पोर्तुगीज हुकूम आहे, त्यात बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झालं नाही, किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर तिच्या संमतीने दुसरं लग्न करण्याची सवलत हिंदू नवऱ्याला ठेवलेली. आता कोणी ती वापरत नाही असं सगळे म्हणतात. मला मात्र तो मजकूर वाचताना सासूबाईंच्या सासूबाई आठवल्या. त्यांना एकोणतिसाव्या वर्षी मुलगा झाला होता. घरात ही गोष्ट 'देवीन राखली' म्हणून सांगतात. काय राखलं, ते मला तो हुकूम वाचल्यावर कळलं.

सासरे २०१७ च्या पावसात गेले. बारावं झालं, पेटी उघडली. वरच्या थरात घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिलं, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा. तळाशी मेणकापडात गुंडाळलेला पोर्तुगीज कागदांचा गठ्ठा. म्हापशाच्या एका वृद्ध गृहस्थांनी तो वाचून दिला. आजेसासऱ्यांच्या वडिलांच्या पश्चात झालेलं 'इन्व्हेंतार', म्हणजे मालमत्तेची यादी आणि वाटणी. ते बोट ठेवून वाचत होते. पहिलं नाव विधवेचं. नावापुढे शब्द होता 'मेएरा', अर्ध्याची धनीण. पुढे दोन मुलगे आणि तीन मुली, सगळ्यांचे हिस्से सारखे. सगळं मुक्तीच्या कितीतरी आधीचं.

मला माझी आत्या आठवली. आजोबा १९८८ मध्ये गेले. सातबाऱ्यावर बाबांचं आणि काकांचं नाव कब्जेदारांत आलं, आत्याचं नाव 'इतर हक्क' या रकान्यात गेलं. विहिरीतलं पाणी, सोसायटीचा बोजा, जाण्यायेण्याची वाट, आणि आत्या. आमच्या भागातले जुने सातबारे काढून बघा, त्या रकान्यात किती बायका सापडतील! तलाठ्याने तिचं नाव गाळलं नाही, हेच तेव्हा मोठेपणाचं वाटलं होतं.

तर, सासऱ्यांनंतर. गोव्यात वाटणी होईपर्यंत मालमत्तेचा कारभार हयात जोडीदाराकडे असतो. जुनी माणसं त्याला 'काबेस द काझाल' म्हणतात. म्हणजे सासूबाई. शंभर रुपये मोडायचे तर मुलाला विचारणारी बाई एकाएकी घराची प्रमुख झाली आणि महिनाभर कोणाशी धड बोलेना. अर्धी मालमत्ता त्यांची आधीपासूनच. उरलेल्या अर्ध्यात माझा नवरा आणि नणंद, सारखे. बापाला मृत्युपत्र करूनही आपल्या वाट्यातल्याही अर्ध्यावरच मन मानेल तसं करता येतं. बाकीचं अर्धं मुलांचंच, मुलगा-मुलगी भेद नाही.

कायदा इतका स्वच्छ. आणि तरीही दोन महिन्यांनी नणंदेने हक्क सोडल्याचा दस्त करून दिला.

त्या दिवशी मी तिथे होते. नणंद आली, तिच्याबरोबर तिचा नवरा आला, कारण सोडायचं तरी दोघांनी मिळून सोडायचं असतं. तिच्या वारशात त्याचं अर्धं असतं ना. दोघांनी सह्या केल्या. बाहेर आम्ही चहा प्यायलो. कोणी काही बोललं नव्हतं, कोणी काही मागितलं नव्हतं. तिच्या लग्नात 'दोत', म्हणजे हुंडा, दिली होती, चवथीला ओझं जातं, भाऊबीज होते, आणि आई भावाकडे राहते. एवढं सगळ्यांना माहीत होतं, बस.

तिने सोडलेला हिस्सा भावाकडे आला. आणि भावाचं अर्धं माझं. म्हणजे नणंदेने जे सोडलं, त्याचं अर्धं, कागदोपत्री, माझ्या पदरात पडलं. मी तिला काही बोलले नाही. चहाचे पैसे दिले.

बाबा २०१९ च्या एप्रिलमध्ये गेले. मे महिन्यात दादाने एक पाकीट पाठवलं. आत तलाठ्याकडे द्यायचा वारसनोंदीचा अर्ज आणि सोबत हक्कसोडपत्राचा मसुदा. फोनवर तो अगदी साधेपणाने म्हणाला, "सही करून ठेव, मी येतंय तेव्हा दुय्यम निबंधकाकडे जाऊ. दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर होता."

माझा भाऊ दुष्ट नाही. त्याने बाबांचं आजारपण काढलं, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात रात्री काढल्या, आईला तोच सांभाळतो. मी पण सही करायला पेन काढलं होतं, हे लपवत नाही. पाकीट चार दिवस फ्रिजवर पडून राहिलं. पाचव्या दिवशी नणंद आली. तिने ते वाचलं. मराठी तिला चांगलं वाचता येतं. मसुद्यात एक वाक्य होतं, 'मला माझा हिस्सा साडीचोळीच्या रूपाने मिळाला असून माझी काही तक्रार नाही.' ती ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचून हसली. मग म्हणाली, "आमगेल्यांत साडीचोळी बरयनात. इतलोच फरक." बरयनात म्हणजे लिहीत नाहीत.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी पहिल्यांदा खरं बोललो. लग्नाला दहा वर्षं झाली होती. मी विचारलं, तू का केलीस सही? ती म्हणाली, "कोणें जबरदस्ती करूंक ना. देखून 'ना' म्हणपाक जमलें ना." जबरदस्ती झाली असती तर भांडता आलं असतं. प्रेमाशी कसं भांडायचं?

मी तिला म्हटलं, तू सोडलंस त्यातलं अर्धं माझ्याकडे आलं, हे तुला माहीत होतं? तिने माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, हो, वकीलबाईंनी सांगितलं होतं. "तुका मेळ्ळें म्हूण म्हाका तितलें दुख्ख जालें ना." या वाक्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मी दादाला कळवलं की हक्कसोड करत नाही, वारस म्हणून आई, तो आणि मी, तिघांची नावं लागू दे. पलीकडे शांतता. मग फोन वहिनीने घेतला आणि ठेवला.

पुढचं कागदोपत्री काम खरं तर सोपं होतं. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे अर्ज. तलाठ्याने फेरफार घातला, सगळ्यांना नोटिसा गेल्या. हरकतीला मुदत पंधरा दिवस. मला हसू आलं. तिकडे लग्नाला हरकत घ्यायला पंधरा दिवस, इकडे वारसाला. नंतर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. कायदा माझ्या बाजूने होता. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतली वाटेकरी, मानलं होतं, फक्त तोवर लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ची, तिने लग्नाची अट काढली. पण तलाठी कार्यालयात माझ्या अर्जाकडे बघून विचारलं गेलं, "ताई, भावाशी काय बिनसला काय?" बिनसल्याशिवाय बहीण नाव लावत नाही, हे गृहीतच. मी म्हटलं, नाही. त्यावर, "मगे?" या 'मगे'ला सातबाऱ्यात रकाना नाही.

पहिल्या कच्च्या नोंदीत माझं नाव कुठे आलं असेल? इतर हक्कात. मी लेखी हरकत दिली, माझ्याच वारसनोंदीवर. कब्जेदारात नाव यायला आणखी दोन महिने गेले.

मध्येच म्हापशाच्या वकीलबाईंनी एक नवाच गुंता काढला. त्या म्हणाल्या, तुझं लग्न गोव्यात नोंदलेलं. आमच्या नियमाने तुला जे वारशाने येईल, त्याचं अर्धं तुझ्या नवऱ्याचं. त्याच सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की गोवेकराची मालमत्ता गोव्याबाहेर, त्या प्रकरणात मुंबईत, असली तरी वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरेल. पण तुझ्या वडिलांचा वारसा महाराष्ट्रातला, तू गोव्यातली. तुझ्यासारखीचं काय, ते कोर्टात गेल्याशिवाय ठरायचं नाही.

हे मी दादाला सांगितलं, आणि पहिल्यांदा त्याची भीती मला कळली. "म्हणजे भावोजी आमच्या काजीत भागीदार?" तो ओरडला. चूक काय होती त्याची? बाबांच्या हिशेबात मुलगी चोवीस दिवस आधी दुसऱ्याची झाली होती, आता त्याच हिशेबाने जमीन चालली होती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुमच्यो काजी म्हाका कित्याक जाय? म्हज्योच पडून आसात." त्याने दादाला फोन करून तेच सांगितलं. त्यामुळे थोडं निवळलं. शेवटी आम्ही असं केलं: घराचा माझा हिस्सा मी दादाच्या नावे सोडला, रजिस्टर दस्त करून. काजूच्या बागेत आणि वरकस जमिनीत माझं नाव राहिलं. दस्तातून साडीचोळीचं वाक्य मी काढायला लावलं. लिहिणाऱ्याला ते का काढायचं ते समजेना. त्याच्याकडे तो छापील नमुनाच होता.

ही तडजोड बरोबर होती का? वकीलबाईंच्या मते घर सोडायला नको होतं. आईच्या मते काहीच मागायला नको होतं. मला आईला तोंड दाखवायचं होतं आणि स्वतःलाही, त्यातून हे निघालं.

या सगळ्यातून एक गोष्ट मात्र आपोआप सुरू झाली. बांद्याला माझी शाळेतली मैत्रीण राहते. तिच्या पडवीत आम्ही तिघी-चौघी बसलो, मी नणंदेलाही नेलं. पुढच्या वेळी सात, मग अकरा. निम्म्या पत्रादेवीच्या अलीकडच्या, निम्म्या पलीकडच्या. दोघी तर दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात भाजी विकायला जाणाऱ्या, त्यांना दोन्ही बाजू पाठ. येताना प्रत्येकीने घरचा कागद आणायचा, एवढाच नियम. सातबारा आणि एक-चौदा शेजारी शेजारी ठेवून आम्ही रकाने वाचायचो.

पहिल्या बैठकीत आमच्याकडच्या बायका गोव्याच्या बायकांकडे लग्नघरातल्या नवरीकडे बघावं तशा बघत होत्या. अर्धी मालकी! मग पेडण्याची एक म्हणाली, अर्धं कसलं? आमचं घर दुसऱ्याच्या जमिनीत, आम्ही मुंडकार. नवऱ्याकडे अर्धं करायला आहे काय? दुसरी विधवा. तिने विचारलं, तुमच्याकडे नवरा मेला की बायको काय? आमच्यातल्या एकीने सांगितलं, मुलांएवढाच वाटा, पहिल्या वर्गातली वारस. ती म्हणाली, आमच्यात मुलं असतील तर नवऱ्याच्या अर्ध्यात बायको वारस नाही, आपलं अर्धं घेऊन गप्प बसायचं. नवरा अंगावर कर्ज ठेवून मेला तर त्या अर्ध्याचं काय होतं ते मला विचारा. बांद्याची एक मुसलमान बाई शांतपणे ऐकत होती. ती म्हणाली, आमच्यात बहिणीला भावाच्या निम्मं. गोव्यातल्या माझ्या मावसबहिणीला मात्र सारखं, कारण तिकडे सगळ्यांना एकच कायदा. आम्ही दोघी एकाच आजीच्या नाती.

त्या दिवसापासून 'कोणाचा कायदा चांगला' हा विषय आमच्यात मागे पडला. जिवंतपणी, संसारात, गोव्याची बाई वरचढ. विधवा झाल्यावर चित्र बदलू शकतं. आणि माहेरच्या दारात दोघी सारख्याच. एक 'हक्कसोड' म्हणते, दुसरी 'रिलिंक्विशमेंट'.

भाषेनेही मजा आणली. आमच्याकडे 'मामलेदार' हा शब्द आजीबरोबर गेला, आम्ही तहसीलदार म्हणतो. पेडणेकरणी अजून मामलेदाराकडे जातात. 'इन्व्हेंतार' ऐकून आमच्यातल्या एकीला ते दुकानातल्या मालाची मोजदाद वाटलं. तसं ते चुकीचंही नव्हतं.

२०२० च्या मार्चमध्ये पत्रादेवीचा नाका बंद झाला. नदीच्या त्या काठाला आई, या काठाला मी, आणि पास काढल्याशिवाय जाता येईना. बैठका फोनवर आल्या. ऑगस्टच्या अकरा तारखेला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की २००५ ची दुरुस्ती आली तेव्हा बाप हयात नसला तरी मुलीचा सहदायादाचा हक्क जन्मापासूनचा. त्या दिवशी भाजीवाल्या काकींनी आमच्या गटावर आवाजी निरोप टाकला. वाचायला त्यांना येत नाही, निकाल त्यांनी नातवाकडून ऐकला होता. "गो बायांनो, आता तलाठ्यान 'मगे' म्हटल्यार काय सांगायचा ता ठरवा."

वहिनी या सगळ्यात कुठेच नव्हती. चार वर्षं ती माझ्याशी जेवणखाणापुरतं बोलायची. मी तिला दोष देत नाही. तिच्या दृष्टीने नणंदेने संसारातून एक तुकडा काढून घेतला होता.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी काजीला गेले होते. दुपारी मागच्या पडवीत बोंडू निवडताना ती एकाएकी म्हणाली, "तुमच्या त्या बांद्याच्या बायकांत मी इलंय तर चलात?"

मी म्हटलं, ये की. घरचा कागद घेऊन यायचा मात्र.

ती म्हणाली, "थयच तर अडलाय. माझा नाव खयच्या कागदावर असा?"

मी बोंडू खाली ठेवला. तिचं नाव कुठेच नव्हतं. जमीन दादाची, आईची आणि माझी. घर दादाचं आणि आईचं. मी घराचा जो हिस्सा सोडला, तोही तिच्याकडे आला नव्हता, दादाकडे गेला होता. माझ्या नणंदेने सोडलं तेव्हा मला अर्धं मिळालं. मी सोडलं तेव्हा हिला शून्य. दादा आहे तोवर ती त्या घरात वीस वर्षं राबलेली पाहुणी.

तिला मी एवढंच सांगू शकले की एक वाट आहे. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं होतं. नंतर 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम निघाली, शेतकऱ्यांनी आपणहून बायकांच्या नावे जमीन करावी म्हणून. १९९२ मध्ये सरकारनेही परिपत्रक काढलं. नवऱ्याने अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव त्याच्याबरोबर लावता येतं. वहिनीने विचारलं, "अर्ज कोणी करूचो?" नवऱ्याने. "आणि त्याने नाय केल्यान तर?"

त्याच आठवड्यात तिने तालुक्याला जाऊन अर्जाचा नमुना आणला. पुढच्या बैठकीला ती बांद्याला आली, आधी दारातच उभी राहिली, मग माझ्या नणंदेने सरकून जागा दिली. अर्ज आम्ही सगळ्यांनी मिळून भरला. गट नंबर माझ्या सातबाऱ्यावरून घेतला. अक्षर नणंदेचं आहे, तिचं सगळ्यात सुबक.

दादाने तो वाचला. रागावला नाही. चष्मा पुसला, परत वाचला आणि देवळीत ठेवला. म्हणाला, गणपती होऊन जाऊ देत, मग बघूया. गणपती गेले, दिवाळी गेली, शिमगाही झाला. अर्ज अजून देवळीतच आहे, वहिनी केर काढताना त्याच्यावरची धूळ झटकते. सगळं भरलेलं आहे, फक्त खाली उजव्या कोपऱ्यात दादाची सही बाकी आहे.